निघून जा म्हणणाऱ्यांपुढे धरलेला ताल

रॅप म्हटले की आमच्या वाचकांपैकी बऱ्याच जणांच्या कपाळावर आठी उमटते, हे आम्ही जाणून आहोत. घरातले पोर कानात इअरफोन खुपसून मान हलवीत बसते, अम्मीने चार हाका मारल्या तरी ऐकत नाही, आणि विचारले तर ज्या गाण्यात सूर कमी आणि बडबड जास्त ते गाणे पुढे करते. साहित्याच्या वार्षिकात अशा गोष्टीचे काय काम, असे वडीलधारी मंडळी विचारतील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणून आम्ही एक अल्बम वाचकांपुढे ठेवीत आहोत.

११ नोव्हेंबर २०१६ रोजी न्यूयॉर्कच्या 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या गटाचा 'वुई गॉट इट फ्रॉम हिअर... थँक यू फॉर युवर सर्व्हिस' हा अल्बम बाहेर आला. त्याआधीचा त्यांचा अल्बम १९९८ सालचा होता. मधली अठरा वर्षे गटाने नवे काही दिले नव्हते. तीनच दिवसांपूर्वी, ८ नोव्हेंबरला, मुसलमानांना अमेरिकेत पाऊल ठेवू देणार नाही अशी भाषा प्रचारात उघडपणे करणारा उमेदवार तिथे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला होता. आणि या अल्बमातल्या एका गाण्याच्या ध्रुपदात, देशातून निघून जावे असे ज्यांना सांगितले जाते त्यांची यादीच होती. त्या यादीत आमचेही नाव होते.

निवडणुकीचा निकाल लागल्यावर गाणे रचलेले नाही. ते आधीच रचून तयार होते. कवीला वाऱ्याची दिशा आधी कळते असे आपण म्हणतो. इथे त्याचा तारखेनिशी पुरावा मिळाला.

शोध नावाची जमात

गटाच्या नावाचे मराठी करायचे तर 'शोध नावाची जमात' असे करावे लागेल. जमात हा शब्द आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात १९८५ च्या सुमारास ही जमात एकत्र आली. क्यू-टिप आणि फाइफ डॉग हे दोघे लहानपणापासूनचे दोस्त. ध्वनिमुद्रिकांची आणि तालाची बाजू सांभाळणारा अली शहीद मुहम्मद, आणि चौथा जरोबी व्हाइट. जरोबी पहिल्या अल्बमनंतर स्वयंपाकाच्या व्यवसायात शिरला. पुढची सारी वर्षे गट म्हणजे तिघेच असे लोक समजत आले.

या चौघांपैकी दोघे मुसलमान आहेत. अली शहीद यांचे नावच ते सांगते. क्यू-टिप मूळचा जोनाथन डेव्हिस. १९९० च्या दशकाच्या मध्यावर त्याने इस्लाम स्वीकारला आणि कमाल इब्न जॉन फरीद असे नाव घेतले. त्या नावातल्या 'इब्न जॉन'पाशी आम्ही थोडे थांबलो. जॉनचा मुलगा. धर्म नवा घेतला, पण वंशाची खूण अरबी 'इब्न'च्या पाठीवर बसवून सोबत आणली. ज्या महाराष्ट्रात मुसलमान पाटील आणि देशमुख सापडतात, ज्या मातीत बार्शीच्या महेबूब हुसेन पटेलचा शाहीर अमर शेख झाला, तिथल्या वाचकाला हे नाव परके वाटू नये.

१९९० ते १९९८ या काळात गटाचे पाच अल्बम आले. १९९१ चा 'द लो एंड थिअरी' आणि १९९३ चा 'मिडनाइट मॉरॉडर्स' हे त्यांतले शिखर. रॅप म्हणजे पिस्तुले, सोन्याच्या साखळ्या आणि दमदाटी असा समज पसरत असतानाच्या काळात या पोरांनी जॅझच्या मंद्र सुरांवर रोजच्या जगण्याच्या गोष्टी मांडल्या. 'द लो एंड थिअरी'साठी रॉन कार्टर यांच्यासारखा जॅझमधला बुजुर्ग बास वाजवायला आला.

नंतर दोस्तांत बेबनाव झाला आणि गट मोडला. २०११ साली मायकेल रापापोर्ट यांनी गटावर जो माहितीपट केला, त्यात तो बेबनाव उघड्यावर आला. फाइफला मधुमेह होता. २००८ साली त्याच्या पत्नीने त्याला आपले मूत्रपिंड दिले. १३ नोव्हेंबर २०१५ रोजी पहिल्या अल्बमच्या पंचविशीनिमित्त हे चौघे जिमी फॅलन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात एकत्र उभे राहिले, आणि तिथून नव्या अल्बमची गोष्ट सुरू झाली. पॅरिसमध्ये १३० माणसे मारली गेली ती हीच तारीख. त्या हल्ल्यानंतरच्या दिवसांत जगातल्या प्रत्येक मुसलमानाकडे कोणत्या नजरेने पाहिले गेले, ते आम्हाला आठवते. त्याच दिवसांत न्यू जर्सीमधल्या क्यू-टिपच्या घरच्या स्टुडिओत हे काम चालले होते. काम पुरे होण्याआधी, २२ मार्च २०१६ रोजी फाइफ गेला. वय अवघे पंचेचाळीस.

उसन्या तालाचा हिशेब

या अल्बमबद्दल लिहिताना समीक्षकांनी त्यातल्या रॉक संगीताचा उल्लेख हटकून केला. तो खरा आहे, पण नेमका काय आहे ते पाहिले पाहिजे.

हिप हॉपची कला मुळात सॅम्पलची, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रिकेतला एखादा तुकडा उचलून त्यावर नवी इमारत रचण्याची. ही चोरी आहे असे काही जण म्हणतात. उर्दू शायरी जाणणाऱ्या वाचकाला आम्ही तजमीनची आठवण करून देऊ. दुसऱ्याचा मिसरा घ्यायचा आणि त्यावर आपले मिसरे असे बसवायचे की मूळ ओळीलाही नवा अर्थ यावा. उस्तादाचा मिसरा उचलणे हा गुन्हा नाही. त्याला न्याय देता आला नाही, तर मात्र आहे.

निघून जा म्हणणारे ते गाणे, 'वुई द पीपल', ब्लॅक सॅबथ या इंग्रज रॉक गटाच्या १९७० सालच्या पहिल्या अल्बममधल्या ढोलावर उभे आहे. ब्लॅक सॅबथची पोरे बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीतली. त्यांच्यातल्या गिटारवादकाच्या बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात तुटली होती. त्या संगीताचा जडपणा कारखान्यातून आलेला आहे. तोच जड ताल क्वीन्सच्या काळ्या पोरांनी उचलला आणि त्यावर भोंग्यासारखा एक स्वर चढवला. धोक्याची सूचना देणारा तो स्वर गाणेभर डोक्यावर घिरट्या घालतो.

रॉक इथे सजावटीसाठी आणलेले नाही. जॅझच्या मऊ अस्तरावर वाढलेल्या या गटाला या वेळी जे म्हणायचे होते, त्याला मऊ अस्तर पुरणारे नव्हते. शब्दांखाली दगड लागत होता. तो त्यांनी जिथे सापडला तिथून आणला.

'सॉलिड वॉल ऑफ साउंड'मध्ये एल्टन जॉन यांच्या १९७३ सालच्या 'बेनी अँड द जेट्स'चा तुकडा आहे, आणि स्वतः एल्टन जॉनही हजर आहेत. ज्याचा मिसरा घेतला तो उस्तादच मैफलीला येऊन बसावा, तसे हे झाले. जॅक व्हाइट या रॉक वादकाची गिटार काही गाण्यांत आहे. ती पुढे येऊन फुशारकी मारीत नाही. पाहुण्याने यजमानाच्या घरी बसावे तशी बसते. 'लॉस्ट समबडी'मध्ये जर्मनीच्या कॅन या गटाचा एक चक्राकार ताल आहे.

रॉकशी या गटाचा जुना हिशेबही आहे. १९९० साली त्यांचे 'कॅन आय किक इट?' हे गाणे गाजले. त्याचा पाया लू रीड यांच्या 'वॉक ऑन द वाइल्ड साइड'मधला. त्या गाण्याचे सगळे पैसे लू रीड यांच्याकडे गेले, गटाच्या हाती काही आले नाही. कायद्याने त्यात काही गैर नसेल. पण ज्या रॉक संगीताची मुळे चक बेरी आणि सिस्टर रोझेटा थार्प यांच्यासारख्या काळ्या कलावंतांत आहेत, त्याच संगीताचे देणे काळ्या पोरांनी शेवटच्या पैपर्यंत चुकवावे, यातला विरोधाभास लपत नाही. १९९० साली रॉकने त्यांच्या गाण्याची कमाई नेली. २०१६ साली रॉकची मोठी माणसे त्यांच्या घरी वाजवायला आली. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये या रॅप गटाला स्थान मिळाले. त्याच वर्षीच्या यादीत ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑस्बोर्नही होता. चौतीस वर्षांचा हिशेब असा पुरा झाला.

यादीतली नावे

आता त्या ध्रुपदाकडे येऊ. क्यू-टिप ते हळू, गोड, जवळजवळ अंगाईच्या सुरात गातो. शब्द मात्र हाकलणाऱ्याचे आहेत. काळे, मेक्सिकन, गरीब, मुसलमान आणि समलिंगी यांनी इथून चालते व्हावे, असे ते म्हणतात. खाली ब्लॅक सॅबथचा ढोल आणि वर हा गोड सूर. आमच्या मते सगळ्या अल्बमातली ही सर्वांत अचूक कारागिरी आहे. द्वेष नेहमी ओरडून येत नाही. घर भाड्याने देताना, नोकरीची मुलाखत घेताना तो गोड आवाजातच येतो. नाव ऐकल्यावर 'जागा कालच गेली हो' असे हसून सांगणारा घरमालक ज्याने पाहिला आहे, त्याला तो सूर ओळखू येईल.

वक्रोक्तीचा धोका असा की ती सरळ अर्थाने घेतली जाऊ शकते. ध्रुपद एकटेच कानावर पडले तर ऐकणारा दचकेल. पण ज्याच्या नावाने शिवी दिली जाते, त्यानेच ती आपल्या तोंडाने, आपल्या तालात म्हणायची, आणि म्हणता म्हणता तिच्यातले विष काढून घ्यायचे, ही रीत आपल्याकडच्या शाहिरांनाही अपरिचित नव्हती.

इथे आम्हाला आमच्या वाचकांशी, आणि स्वतःशीही, थोडे स्पष्ट बोलायचे आहे. आम्ही पहिल्यांदा गाणे ऐकले तेव्हा 'मुसलमान' या शब्दापाशी आमचे कान टवकारले. कोणी तरी आमची बाजू घेतली, याचा आनंद झाला. तो ओसरण्याआधीच पुढचे नाव आले आणि मन किंचित अडखळले. आमच्यासारखे आणखी कितीतरी अडखळले असतील. आपल्या घरांत ज्यांचे नाव घेतले जात नाही, त्यांच्या शेजारी आपले नाव का, असे वाटून गेले. मग लक्षात आले की हाकलणाऱ्याला आमच्या अडखळण्याशी कर्तव्य नाही. त्याने एकाच कागदावर सगळ्यांची नावे लिहिली आहेत. आपले नाव तेवढे खोडून घेण्यासाठी अर्ज करणारा माणूस यादी मान्य करून बसलेला असतो.

हे म्हणणारा कलावंत स्वतः मुसलमान आहे, म्हणून ते आम्हाला अधिक वजनदार वाटते. त्याने फक्त आपल्या कौमची बाजू मांडली असती तर आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या आणि गाणे विसरलो असतो. त्याने सगळी यादी म्हटली, म्हणून गाणे टोचत राहिले. न्याय आपल्या माणसांपुरता मागायचा नसतो, हे आमच्याच दीनने आम्हाला शिकवले आहे. क्वीन्सच्या एका रॅपरकडून ते पुन्हा ऐकावे लागले, यात आम्हाला कमीपणा वाटत नाही. थोडी शरम मात्र वाटते.

पुढे काय झाले ते जगासमोर आहे. २७ जानेवारी २०१७ रोजी सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी करणारा हुकूम निघाला. १२ फेब्रुवारीला ग्रॅमी पुरस्कारांच्या मंचावर गटाने हेच गाणे सादर केले. मंचावर उभारलेली भिंत पाडून ते पुढे आले, आणि मागोमाग नाना वेशांतली, नाना वर्णांची माणसे येऊन उभी राहिली. त्यांत हिजाब घातलेली स्त्रीही होती. ती बंदी २०२१ साली उठली. जून २०२५ मध्ये बारा देशांवर नवी बंदी आली. गाणे जुने व्हावे अशी आमची इच्छा होती, पण काळाने ते होऊ दिले नाही.

ज्याचा मर्सिया, त्याचाच आवाज

या अल्बमचे खरे दुःख राजकारणापलीकडचे आहे. मित्र गेला आहे, आणि त्याचा आवाज अर्ध्या कामात भरून राहिला आहे.

दखनच्या मुसलमानाला मर्सिया ठाऊक असतो. मर्सियात गेलेला माणूस बोलतो, पण ते बोल शायराने त्याच्या तोंडी घातलेले असतात. इथे गेलेला स्वतःच बोलतो. फाइफ विनोद करतो, टोमणे मारतो, खेळांचे दाखले देतो, आपल्या ट्रिनिदादी वळणाच्या बोलीत शब्द तासतो. त्याच्या आवाजात आजाराची छाया शोधू गेलो तर सापडत नाही. पुढच्याच गाण्यात दोस्त त्याला निरोप देतात, तेव्हा ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. 'लॉस्ट समबडी'मध्ये क्यू-टिप आणि जरोबी त्याच्याविषयी बोलतात. ज्याच्याशी वर्षानुवर्षे धड बोलणे नव्हते, त्याच्याविषयी बोलताना क्यू-टिप मोठे शब्द टाळतो. आमच्याकडे मय्यतीला आलेला जुना रुसलेला भाऊ जसा कोपऱ्यात उभा राहून बालपणीची एखादी क्षुल्लक गोष्ट सांगतो, तसे ते आहे.

शेवटच्या गाण्याचे नाव 'द डोनाल्ड'. निवडणुकीच्या आठवड्यात हे नाव वाचून सगळ्यांना वाटले की हे नव्या राष्ट्राध्यक्षावर असणार. ते आहे फाइफवर. त्याच्या एका टोपणनावावरून ते घेतले आहे. ज्या नावाने सारे जग त्या दिवसांत हवालदिल झाले होते, तेच नाव दोस्ताच्या आठवणीसाठी काढून घ्यायचे आणि अल्बम तिथे संपवायचा, याहून सभ्य उत्तर आम्हाला सुचत नाही. अल्बमचे लांबलचक, कोड्यासारखे नावही फाइफनेच दिलेले आहे. त्याचा अर्थ उलगडून घेण्याआधी तो गेला, आणि दोस्तांनी ते जसेच्या तसे ठेवले. फाइफची आई शेरिल बॉइस-टेलर स्वतः कवयित्री. २०२१ साली तिने मुलाच्या स्मरणार्थ पुस्तक लिहिले. शब्दांचे वेड घरातूनच आले होते.

'डिस जनरेशन'मध्ये हे दोस्त एकमेकांच्या तोंडची ओळ अर्ध्यात उचलून पुरी करतात. कव्वालीत हमनवा मुख्य गायकाच्या हातून मिसरा झेलतात, तशी ती झेलाझेल. सगनभाऊंच्या परंपरेतला फडही अशाच चढाओढीवर रंगत असे. या गाण्यात नव्या पिढीच्या रॅपरांची नावे घेऊन त्यांना दुवा दिली आहे. चाळिशी उलटलेल्या कलावंतांनी तरुणांना नाके न मुरडता शाबासकी द्यावी, हे दृश्य कुठल्याही साहित्यात दुर्मीळ आहे. मराठीतही आणि आमच्या मुस्लिम मराठी साहित्यातही.

उणे बाजू

कौतुक केले म्हणून दोष झाकण्याचे कारण नाही. अल्बममध्ये सोळा गाणी आहेत, तासाभराचा ऐवज आहे, आणि तो दोन भागांत मांडला आहे. पहिला भाग जितका घट्ट विणलेला आहे तितका दुसरा नाही. पाहुण्यांची गर्दीही जरा जास्त आहे. आंद्रे ३०००, केंड्रिक लामार, कान्ये वेस्ट, अँडरसन पाक, तालिब क्वेली, शिवाय घरचेच म्हणावेत असे बस्टा ऱ्हाइम्स आणि कॉन्सिक्वेन्स. लग्नात वऱ्हाड इतके व्हावे की नवरदेव शोधावा लागावा, अशी वेळ एकदोनदा येते. अली शहीद मुहम्मद यांचा हात या कामात फारसा जाणवत नाही. त्या काळात ते 'ल्यूक केज' मालिकेच्या संगीतात गुंतले होते. त्यांचा तो शांत, मोजका स्पर्श आम्हाला चुकल्यासारखा वाटला.

त्याहून मोठी उणीव स्त्रियांची आहे. स्त्रियांचे आवाज आहेत, पण ते पाठीमागच्या सुरांत. शब्द हाती घेऊन बोलणारी एकही नाही. हाकलल्या जाणाऱ्यांची यादी करताना ही जागा रिकामी राहिली. भाषा जागोजाग शिवराळ आहे, तेव्हा लेकरांना ऐकवण्याआधी पालकांनी एकदा स्वतः ऐकावा.

जमेची एक गोष्ट दोषांच्या शेजारीच नोंदवतो. पहिले गाणे 'द स्पेस प्रोग्रॅम'. श्रीमंत लोक पृथ्वी सोडून अंतराळात वस्ती करायला निघालेच, तर त्या यानात गरीब काळ्या माणसाला जागा नसणार, तेव्हा आपल्याला इथेच राहून काही तरी उभे करावे लागणार, असा त्याचा आशय. 'चालते व्हा' असे म्हणणारे ध्रुपद त्यानंतर लगेच येते. 'आम्ही कुठेही जाणार नाही' हे उत्तर आधी आणि हाकलण्याचा हुकूम नंतर, असा हा क्रम आहे. तो जाणूनबुजून लावला असावा असे आम्हाला वाटते.

घरातल्या पोराशी बोलणे

अल्बम अमेरिकेत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. पुढच्या ग्रॅमीच्या नामांकनांत मात्र त्याला एकही जागा मिळाली नाही, आणि क्यू-टिपने त्यावर जाहीर संताप व्यक्त केला. पुरस्कारांचे राजकारण सगळीकडे सारखेच. ते सोडून देऊ.

आमच्या कुर्ल्याच्या गल्लीतून नेझीसारखा मुलगा २०१४ साली स्वतःच रॅप रचून जगापुढे आला, तेव्हा आम्ही त्याच्याकडे लक्ष दिले नाही. हिंदी चित्रपटाने २०१९ साली त्या गल्लीची गोष्ट सांगितल्यावर दिले. साहित्याचे राखणदार म्हणवणाऱ्यांना हे शोभत नाही. ज्या पोराच्या कानातला इअरफोन आपण ओढून काढतो, त्याच्या कानात यमक, अनुप्रास आणि वजन चालू असण्याची शक्यता आहे. तो कविता ऐकत असेल, आणि आपण त्याला अभ्यास कर म्हणून ओरडत असू.

ते संगीत कसे, जायज की नाजायज, हा वाद ज्याला घालायचा त्याने घालावा. आमची विनंती एवढीच, की वाद घालण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसावे आणि एक इअरफोन आपल्या कानाला लावावा. आम्ही बसलो होतो. भाचा हसला, म्हणाला, "मामू, तुम्हाला यातले काय कळणार?" आणि मग ते ध्रुपद आले. दोघेही गप्प झालो. गाणे संपल्यावर त्याने काही न विचारता ते पुन्हा लावले.